जादा दिव्यांची जीप

सुधाकरराव, नगरच्या दवाखान्यात तुमच्या खोलीत बोलायला मनाई होती. जरा आवाज झाला की तुमचं अंग आवळून यायचं. म्हणून दाराशी चपला काढायच्या, आत जाऊन नुसतं उभं राहायचं आणि परत व्हरांड्यात येऊन बसायचं. तेव्हा बोलायचं राहिलं ते आता बोलतो आहे.

तुमचं तेरावं झालं. पाहुणेरावळे आपापल्या गावी गेले. मला मात्र एका जागी बसवत नाही. सकाळी उठून जीपचं बॉनेट उघडतो, आत बघत उभा राहतो आणि बंद करतो. काय बघायचं होतं ते आठवत नाही. चहा घेतो तोही उभ्यानंच. हायवेला ट्रकचा हॉर्न वाजला की पाय तुमच्या दुकानाकडे वळतात, आणि अर्ध्या वाटेत मनात येतं, तिथं जाऊन करायचं काय? कुसुम म्हणते, आबा, टेका जरा. टेकतो. पुन्हा उठतो.

तुमची माझी ओळख ती केवढी. दोन वर्षंसुद्धा पुरी झाली नाहीत. त्यातला निम्मा वेळ आपण वाद घालण्यात घालवला, आणि वादाचं कारण एकच, माझी जीप.

माझी उभी हयात लष्कराच्या वर्कशॉपात गेली हे तुम्हाला ठाऊकच होतं. मी ते दिवसातून एकदा तरी ऐकवायचो. निवृत्त झालो तेव्हा ही जीप लिलावात निघाली होती. मागच्या महायुद्धातली, डाव्या हाताच्या स्टिअरिंगची, रंग उडालेली. पण आतून ठणठणीत, कारण तिच्या इंजिनात माझाच हात फिरलेला. मी ती मिरजगावात आणली. कुसुमची आई नुकतीच गेली होती. घरात मी, एक पोर आणि अंगणात ही गाडी. जे असायला पाहिजे ते जागच्या जागी आणि जे नको ते मुळीच नाही, अशी मी ती ठेवली होती. लष्करात तसंच शिकवतात. गाडी जशी बनवली तशी राहिली पाहिजे, म्हणजे अंधारात हात घातला तरी पाहिजे ती वस्तू सापडते.

आणि तुम्ही आलात ते मुलगी बघायला. नुकतीच एकाहत्तरची लढाई संपली होती. ब्लॅकआऊटच्या दिवसांत मला नगरला जावं लागायचं, म्हणून दोन्ही दिव्यांच्या काचा वरून निम्म्या काळ्या केल्या होत्या, त्या तशाच राहून गेल्या होत्या. तुमच्या आई आणि मामा घरात येऊन बसले, पोहे झाले, आणि नवरा मुलगा कुठं म्हणून बघतो तर तुम्ही अंगणात जीपसमोर उकिडवे बसलेले. मला म्हणालात, लढाई तर संपली, मग हे पुसायचं का? रॉकेलचा बोळा मागून घेतलात आणि नव्या पांढऱ्या शर्टानिशी काचा घासायला बसलात. आत पोहे गार झाले. तुमच्या आईनं दोनदा हाक मारली. कुसुम खिडकीतून बघत होती हे मी पाहिलं, आणि हे लग्न जुळणार हे तेव्हाच समजलो. काचा लख्ख झाल्यावर तुम्ही दिवे लावून बघितले. मी जवळच होतो. मला म्हणालात, "मामा, हे दिवे हायेत का कंदील?"

अजून सोयरीक ठरायची होती, आणि हे तुमचं माझ्याशी दुसरंच वाक्य. मला राग आला होता. आज तेच वाक्य मी मनातल्या मनात किती वेळा म्हणतो.

लग्न झालं आणि तुम्ही श्रीरामपूरच्या गॅरेजातली नोकरी सोडून मिरजगावात हायवेला दुकान टाकलंत. पुढं एक खोली दुकानाची, मागं दोन खोल्या संसाराच्या. ह्या रस्त्याला ट्रक जातात, त्यांचे दिवे जातात, आणि मधे लांबपर्यंत कुणी दुरुस्त करणारा नाही, असं तुमचं म्हणणं. ते खरं ठरलं. गावात काहीजण तुम्हाला घरजावई म्हणाले. मला ते टोचलं. तुम्हाला कुणी ते तोंडावर म्हणालं तेव्हा तुम्ही हसून म्हणालात की सासऱ्याच्या घरात न्हाई, सासऱ्याच्या जीपमधे राहतो.

खोटं नव्हतं ते. दुकानातलं काम सरलं की तुम्ही माझ्या अंगणात. आधी एका मोडक्या ट्रकचे दोन पिवळ्या काचेचे दिवे आणलेत, धुक्यात चालणारे. मी म्हणालो, मिरजगावात धुकं कुठं पडतं? तुम्ही म्हणालात, धूळ पडती की. ते दिवे बंपरवर बसले. मग मागं एक जादा लाल दिवा, कारण बैलगाडीवाल्यांना माझा एकुलता दिवा दिसत नाही म्हणून. मग ड्रायव्हरच्या बाजूला हातानं फिरवायचा दिवा, रस्ता सोडून शेतात काय आहे ते बघायला. मग दोन सुरांचा हॉर्न. मग वायपरला मोटर, पाऊस पडण्याचं नाव नसताना. प्रत्येक वेळी तुमचं एकच. मामा, एवढा एक लावू द्या.

आणि प्रत्येक वेळी माझंही एकच. ही सहा व्होल्टची गाडी आहे. तिचा डायनॅमो दोन दिव्यांपुरता आहे. तुम्ही जे जे लावता ते सगळं एकाच बॅटरीतून जेवतं. मी डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या काट्यावर बोट ठेवून दाखवायचो, बघा, एक दिवा लावला की काटा कसा खाली झुकतो. तुम्ही म्हणायचात, दिसतंय मामा, म्हणून तर डायनॅमो बदलू म्हणतो, सगळी गाडी बारा व्होल्टची करू. मी म्हणायचो, मी मेल्यावर करा. पुन्हा पुन्हा म्हणायचो ते. किती सहज म्हणायचो.

आणखी एक बजावून ठेवलं होतं. गाडीला भोक पाडायचं नाही. पत्र्याला एकदा भोक पडलं की गंज तिथूनच धरतो. त्यावर तुम्ही कधी हो म्हणाला नाहीत की नाही म्हणाला नाहीत. माझ्याकडे बघून नुसते पाना शोधायला लागायचात. मी घरात गेलो की कुसुम तुमच्यासमोर दिवा धरून उभी राहायची. मला आत तुमचा दोघांचा आवाज ऐकू यायचा. लाल वायर कुठली, अर्थिंग कुठं दिलंय, हे कुठं जोडलं. नवराबायकोनं बोलायच्या ह्या गोष्टी का, असं मला वाटायचं. पण ती हसायची, आणि तिची आई गेल्यापासून त्या घरात असं हसणं झालं नव्हतं. त्यामुळं मी बाहेर यायचो नाही.

सर्वात मोठं भांडण झालं ते दुसऱ्या बॅटरीवरून. तुम्ही मागच्या सीटखाली आणखी एक सहा व्होल्टची बॅटरी बसवलीत, स्विच फिरवला की जादा दिव्यांना तिच्यातून करंट. आणि त्याच्याबरोबर एक लांब वायरचा हातदिवा, रस्त्यात बंद पडलेल्या ट्रकखाली शिरून काम करायला. जुन्या पत्र्याची वाटी वाकवून तिच्यात बल्ब बसवलेला, वर तारेची मूठ. मी म्हणालो, गाडी आहे का वीजघर? फुकटचं ओझं कशाला वाहायचं? त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा आवाज चढवलात. म्हणालात, "मामा, गाडी तुमची हाय, पर अंधार सगळ्यांचा हाय."

मी जेवायला बसलो नाही. तुम्हीही बसला नाहीत. दोन घरांत कुसुमचे दोन स्वयंपाक वाया गेले. दुसऱ्या दिवशी तुम्ही काहीच घडलं नसल्यासारखे येऊन टायरची हवा बघितलीत, आणि बॅटरी सीटखाली राहिली ती राहिली.

दुष्काळाचं हे दुसरं वर्ष. माणसं खडी फोडायला जात होती, आणि जिथं तिथं विहिरी आणखी खोल चालल्या होत्या. वाडीवरच्या गावविहिरीचंही तेच. दुपारी सुरुंग लावायचे, संध्याकाळपर्यंत यारीनं दगडमाती वर ओढायची. त्या संध्याकाळी बाजूची कपार सुटली आणि मारुती खाली अडकला. मारुती म्हणजे विहीर खोदणाऱ्या टोळीतला सगळ्यात जुना माणूस. त्याचा पाय दगडाखाली, बरोबरचे अंधारात चाचपडत. वर अजून उजेड होता, पण विहिरीत काळोख झाला होता. त्यांनी पेट्रोमॅक्स दोरानं सोडली, ती काठाला आपटून फुटली. एकजण तुमच्या दुकानाकडे पळत आला. मी तिथंच होतो, आणि जीपही.

आपण दोघं जीपनं निघालो. काय करायचं ते दोघांनाही ठाऊक होतं. मी जीप उलटी घेत काठाजवळ नेली. तुम्ही हातदिव्याची वायर खाली सोडायला घेतलीत. मी इंजिन बंद केलं, कारण त्याचा धूर विहिरीत उतरला असता आणि खालच्या माणसांना गुदमरवलं असतं. म्हणजे आता डायनॅमो नाही, फक्त बॅटरी. मी बाकीच्या सगळ्या दिव्यांच्या वायरी उपसून टाकल्या.

दिवा निम्म्यावर गेला आणि विझला. वर ओढला तर लागला. खाली सोडला की पुन्हा विझला. होल्डर सैल झाला होता. उघडून नीट करण्याइतका वेळ नव्हता, खालून मारुतीचं कण्हणं ऐकू येत होतं. मी काही म्हणायच्या आत तुम्ही यारीच्या लोखंडी डोलात पाय टाकलात. दिवा छातीशी धरलात, आणि यारीवाल्यांनी तुम्हाला खाली सोडलं.

मला काठावरून दिसत होतं ते एवढंच, की खाली एक पिवळा गोळा आहे आणि तो हलत नाही. वायरचं टोक तुम्ही अंगठ्यानं होल्डरवर दाबून धरलं होतं, ते मला मागाहून कळलं. खालच्या माणसांनी पहारी लावून दगड उचलेपर्यंत तुम्ही तसेच. मी मागच्या सीटवर बॅटरीपाशी बसून होतो. पहिली बॅटरी उतरायला लागली, खालचा उजेड तांबूस झाला, आणि मी स्विच दुसरीवर फिरवला. उजेड परत पिवळा झाला. खालून कुणीतरी "हां" म्हणालं. त्या आवाजाइतकं समाधान मला नोकरीत कधी मिळालं नाही.

मारुती वर आला, त्याच्या मागून तुम्ही. त्याला आधी गाडीत घेऊन दवाखान्यात पोचवलं. परत येताना मला तुम्हाला काहीतरी म्हणायचं होतं. ती बॅटरी नसती तर, असं काहीतरी. वाक्य जुळत नव्हतं. आणि शेवटी मी म्हणालो काय, तर सीटखाली अॅसिड सांडलंय, पुसून घ्या. तुम्ही मोठ्यानं हसलात. मला वाटतं तुम्हाला कळलं होतं. पण वाटणं वेगळं, आणि सांगणं वेगळं. म्हणून आता सांगतो. तुमची बॅटरी योग्य होती, तुमचा दिवा योग्य होता, आणि काठावर बसून मला तुमचा जितका अभिमान वाटला तितकीच भीतीही वाटली.

तुमचा हात मी घरी कंदिलाच्या उजेडात पाहिला. त्या वाटीची पत्र्याची कड तळहातात खोल रुतली होती, आणि जखमेत विहिरीचा चिखल. तुम्ही ती धुऊन वर वायरीला लावायची काळी टेप गुंडाळलीत आणि भाकरी मोडायला लागलात. मी म्हणालो, सकाळी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताची सुई घ्या. लष्करात आम्हाला खिळा टोचला तरी सुई मिळायची. तुम्ही म्हणालात, घेतो की. सकाळी एक ट्रक दारात उभा. दुसऱ्या दिवशी पाण्याचा टँकर. मी रोज विचारायचो, कुसुम रोज पाठीमागे लागायची, आणि तुम्ही रोज उद्यावर ढकलायचात. एकदा मी जीप दुकानासमोर आणून उभी केली आणि म्हणालो, बसा, आत्ता जाऊन येऊ. तेव्हा तुम्ही खाली बघत म्हणालात, "मामा, मला सुईचं लई भ्या वाटतं." मला ती चेष्टा वाटली. अंधाऱ्या विहिरीत उतरलेला माणूस सुईला भितो, हे कुणाला खरं वाटेल? तुमच्या आईनं मला मागाहून दवाखान्याच्या व्हरांड्यात सांगितलं की लहानपणी देवी टोचायला माणूस आला की तुम्ही उसात पळून जायचात आणि दिवस मावळेपर्यंत सापडायचा नाहीत.

मग एक दिवस तुम्हाला घास चावेना. अक्कलदाढ येत असेल असं तुम्हीच ठरवलंत. संध्याकाळपर्यंत जबडा आवळला, मान ताठ झाली, आणि पाठ धनुष्यासारखी वाकायला लागली. मी पाहिलं आणि मला कळलं. फौजेत एकदा पाहिलं होतं.

तुम्हाला गाडीत मागं आडवं केलं. कुसुमच्या मांडीवर डोकं. नगरचा रस्ता तुम्हाला आठवत असेल नसेल. खड्डा आला की तुम्हाला झटका, समोरून ट्रक आला की त्याच्या उजेडानं झटका. कुसुमनं पदरानं तुमचे डोळे झाकले. मी हॉर्नला हात लावला नाही. माझे जादा दिवे, म्हणजे तुमचे दिवे, सगळे बंद ठेवले. माणूस चालतो तितक्या हळू चालवत होतो, आणि मनात वाटत होतं की उडत जावं. मधेच तुम्ही मिटल्या दातांतून काहीतरी म्हणालात. कुसुमला कळलं नाही, मला कळलं. तुम्ही विचारत होतात, "मामा, काटा कुठं हाय?"

मी म्हणालो, "मधोमध हाय. गाडी बरोबर हाय."

आणि तो मधोमधच होता, सुधाकरराव. मी तुमच्या समाधानासाठी बोललो नाही. आपलं शेवटचं बोलणं ते. त्यावर आपला वाद झाला नाही.

डॉक्टरांनी, सिस्टरांनी जे करता येईल ते केलं. खिडक्यांना काळं कापड लावलं होतं. उजेड तुम्हाला सोसत नाही असं डॉक्टर सांगत होते, आणि मी ते ऐकत होतो. ऐकून झाल्यावर व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. पुन्हा गेलो. तेव्हापासून मी चालतोच आहे असं वाटतं. तुमच्या आई श्रीरामपूरहून एसटीनं आल्या. त्यांनी मला विचारलं, हाताला काय झालं होतं? मी विहिरीचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि भिंतीला टेकून बसल्या. दोष दिला नाही, बरंही म्हणाल्या नाहीत. तुमच्या खोलीत जायच्या आणि अंधारात नुसत्या बसून यायच्या. तुम्ही गेलात तेव्हा आत त्याच होत्या.

इकडं आल्यावर मी पहिली गोष्ट ठरवली ती ही, की जीपचे सगळे जादा दिवे काढून टाकायचे. मला ते बघवत नव्हते. पाना घेतला आणि बंपरखाली आडवा झालो. पिवळ्या दिव्यांचे नट शोधायला लागलो, आणि तेव्हा दिसलं की तिथं एकही नवं भोक नाही. तुम्ही पट्ट्या वाकवून, दोन भाग करून, माझ्या जुन्याच बोल्टांना पकड दिली होती. मग मी फिरवायचा दिवा बघितला. हॉर्न बघितला. मागचा लाल दिवा, वायपरची मोटर, सीटखालची बॅटरी. सगळं जुन्याच बोल्टांवर. कितीतरी सोपं झालं असतं तुम्हाला एक भोक पाडून. एकेक पट्टी वाकवायला तुम्हाला केवढा वेळ लागला असेल, आणि मी आत बसून समजत होतो की पोरगा माझं ऐकत नाही. तुम्ही एकदाही दाखवलं नाहीत, की मामा बघा, तुमचा शब्द मोडला नाही. मी बंपरखाली तसाच पडून राहिलो. कुसुम मला शोधत आली तेव्हा म्हणालो, नट सैल झालाय का ते बघत होतो.

मारुतीही येऊन गेला. काठी टेकत आला, जीपच्या चाकाशी बसला. मग म्हणाला की खाली तुम्ही त्याला सारखं बोलतं ठेवलं होतं. बैलांची नावं विचारली, पोरांची विचारली. उजेड तांबूस झाला तेव्हा तो घाबरला, तर तुम्ही म्हणालात, "घाबरू नगा. वर मामा हायेत. दिवा जायचा न्हाई." एवढं सांगून तो रडायला लागला, आणि मी उठून त्याला पाणी आणायला आत गेलो. आत जाऊन बराच वेळ उभा होतो. पाणी न्यायचं विसरलो.

माझा कुसुमशी वाद झाला. मी म्हणालो, दुकान बंद कर, सामान विकून टाक, आणि इकडं घरी ये. ती म्हणाली की दुकान ती चालवणार आहे. मी म्हणालो, बाईमाणूस हायवेला ट्रकच्या वायरी जोडणार का? त्यावर ती तुमच्यासारखीच पाना शोधायला लागली. मला अजून ते पटलेलं नाही, तुम्हाला खरं सांगतो. तिच्या सासरचे काय म्हणतील ह्याची मला धास्ती होती. तुमच्या आई तिला श्रीरामपूरला घेऊन जाणार, असंच मी धरून चाललो होतो.

काल त्यांना पोचवायला निघालो. त्या पुढं माझ्या शेजारी, कुसुम मागं. राहुरी मागं पडली आणि दिवस मावळला. मी फक्त मूळचे दोन दिवे लावले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं की माझ्या सुधानं लावलेले कुठले? मी सांगितलं, आणि सांगता सांगता एकेक लावत गेलो. पिवळे लावले. फिरवायचा दिवा लावून रस्त्याकडेच्या लिंबांवरून फिरवला. शेंडे दिसले, एका लिंबावर झोपायला आलेले बगळे दिसले. त्या सगळं बघत होत्या. मग म्हणाल्या, "आन त्यो कुठला, ज्यानं लागलं?"

मला तो हातदिवा विहिरीत टाकून द्यायचा होता. मी शोधला होता, सापडला नव्हता. कुसुमनं मागून तो पुढं केला. तिच्या पिशवीत होता. तिनं तो कधी उचलून ठेवला मला माहीत नाही. मला वाटलं ह्या आता त्याला कपाळ लावतील, नाहीतर रस्त्यात फेकून देतील. त्यांनी तो मांडीवर घेतला, पत्र्याच्या कडेवरून सावकाश बोट फिरवलं आणि तसाच हातात धरून ठेवला. श्रीरामपूरला दारात उतरेपर्यंत तो खाली ठेवला नाही.

दारात कुसुमनं त्यांच्या पायाला हात लावला. त्या मला म्हणाल्या, "पोरगी दुकान करते म्हणतीय तर करू द्या तिला. माझ्याकडं येऊन नुसती रडंल." मग तो दिवा माझ्या हातात दिला. "आन ह्याची कड घासून घ्या. आनखी कुनाला लागंल."

मुक्काम करून आज पहाटे निघून आलो. आल्या आल्या दुकानाची फळी कुसुमनं काढली. बाहेर एक ट्रक उभाच होता. ड्रायव्हर सुधाकर मिस्त्रींना विचारत आला. तिनं त्याला काय झालंय ते विचारलं आणि बसायला बाकडं दाखवलं. मी तुमच्या पेटीतून कानस काढली, हातदिव्याची वाटी पकडीत धरली आणि घासायला बसलो. बसलो म्हणजे खरंच बसलो. पत्र्याची धूळ मांडीवर पडत होती. कड पार बोथट झाली असं वाटल्यावर कुसुमला दाखवली. तिनं अंगठा सगळीकडून फिरवून बघितला आणि दिवा परत माझ्याकडे दिला.

"आबा, आणखी थोडी."

मी परत घासायला घेतली.